पाळण्यांतील वाटा

‘जालना, सोने का पालना’ अशी म्हण मराठवाड्यांत पूर्वापार चालत आलेली आहे. कुंडलिकेच्या कांठच्या या बाजारपेठेची सुबत्ता सांगण्यासाठीं ती योजिली जाते. परंतु वडिलार्जित मिळकतीच्या बाबतींत पाळण्याला धर्मशास्त्रानेंही मोठा अर्थ दिलेला होता.

कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरीं असलेल्या विज्ञानेश्वरानें सुमारें ९०० वर्षांपूर्वीं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ नांवाची टीका लिहिली. तिचा दंडक असा कीं, वाडवडिलांपासून आलेल्या मिळकतींत मुलगा जन्मतःच वाटेकरी होतो. त्यासाठीं बापाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाहीं. पाळण्यांतलें तान्हें मूलही बापाच्या बरोबरीचें मालक! मात्र तें मूल मुलगी असेल तर तिला हा हक्क नव्हता. तिच्या वाट्यास लग्नाचा खर्च आणि माहेरची साडीचोळी. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यांत होतें. परंतु तेथील हिंदु घरांतही वारसा ठरे तो मिताक्षरेप्रमाणेंच.

पुढें कायदा कसा पालटला, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. अंबड तालुक्यांतील एका घरीं १२ एकर वडिलार्जित जमीन आहे. बाप, एक मुलगा व एक मुलगी. आई हयात नाहीं. बाप मृत्युपत्र न करितां वारला. जुन्या दंडकानें १२ एकर मुलाचे, मुलीस कांहीं नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें बापाचे ६ एकर निराळे धरून ते दोघांत वांटले. मुलास ९ आणि मुलीस ३ एकर आले. महाराष्ट्रानें १९९४ सालीं अविवाहित मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर, विवाहित मुलींनाही मिळाला. आतां दोघांस सहा-सहा एकर. त्या दिवशीं बाप हयात असण्याची अट नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या मात्र अबाधित राहिल्या.

तथापि कायद्यानें दिलेला वाटा पुष्कळदां घरांतच विरून जातो. बापाचे दिवस होतात, तलाठ्याकडे वारसांची नोंद होते आणि बहिणीपुढें हक्कसोडपत्र येतें. शेत राबून राखणाऱ्या व कर्ज फेडणाऱ्या भावाची बाजू अगदींच पोकळ नसते. सही न केल्यास माहेर तुटेल, हें बहिणीचें भयही खोटें नसतें. परंतु पत्र एकदां रीतसर नोंदविलें गेलें म्हणजे पुढें मन पालटलें तरी वाटा सहजासहजीं परत येत नाहीं.

बहिणीनें आपखुशीनें वाटा सोडला तर तें तिचें औदार्य होय. परंतु जें सोडावयाचें तें किती आहे व तें आपलें आहे, हें तिला सहीपूर्वीं ठाऊक असेल तरच त्यास औदार्य म्हणतां येईल.