कोंडिविट्याचें देऊळ

साष्टींत कोठेंहि फिरंगी अमदानींतील ओसाड देऊळ दिसलें, कीं तें चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत पडलें असें म्हणून मोकळें होण्याची चाल पडली आहे. प्रत्येक वास्तूची निराळी चौकशी झाल्यावांचून असें विधान करूं नये, असें आमचें मत आहे. मुंबईच्या अंधेरी उपनगरांतील सेंट जॉन द बॅप्टिस्ट या देवळाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

हें देऊळ जेझुइट पाद्र्यांनीं इ. स. १५७९ मध्यें बांधिलें. ज्या गांवीं तें उभें राहिलें त्याचें नांव पोर्तुगीज लेखांत 'कोंदिता' असें येतें. तें आपलें कोंडिविटें होय. जवळच्या महाकाली लेण्यांसहि कोंडिविट्याचीं लेणीं म्हणतात. जुने कागद चाळणारांनीं दोन्ही रूपें ध्यानांत ठेवावींत. नाहींतर एका गांवाचीं दोन गांवें व्हावयाचीं.

साष्टी १७३७ मध्यें मराठ्यांकडे आली. १७७४ मध्यें ती इंग्रजांनीं घेतली. राज्यें पालटलीं तरी येथील पॅरिश हलली नाहीं. ती हलली १८४० मध्यें, आणि तीहि लढाईमुळें नव्हे. सांथ आली, व व्हिकारांनीं देऊळ मरोळ गांवीं नेलें. 'नेलें' हा शब्द आम्ही अक्षरशः योजितों. मूर्ती, बाप्तिस्म्याचें कुंड, इतकेंच काय पण खांबसुद्धां तिकडे गेले. मरोळच्या देवळास मात्र सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हें नांव आहे. तेव्हां योहान दोन आहेत, हेंहि विसरूं नये.

मूळ जागीं आज भिंती उभ्या आहेत, छप्पर नाहीं. या प्रांतांतील जुन्या देवळांची सामान्य घडण म्हणजे चुन्यांत बांधलेल्या जाड दगडी भिंती, व त्यांवर लांकडी आढीं आणि कौलें. अशा इमारतीचीं कौलें वर्षानुवर्षें चाळलीं नाहींत, तर पावसानें आधीं लांकूड कुजतें, मग भिंतींच्या माथ्यांतील चुना धुपूं लागतो. ज्या इमारतीचे खांबहि काढून नेले, तिला शत्रूची गरज ती कोणती? तोफांचा माग काढण्यापूर्वीं कौलांचा हिशेब पाहावा.

मरोळचें देऊळ वगळून कोंडिविट्याचें वर्णन लिहिणें म्हणजे पानें फाडलेल्या पोथीवरून ग्रंथाचा विस्तार ठरविण्यासारखें आहे. उलट, मरोळ येथील जुने खांब पाहून त्या इमारतीचा काळ मागें ओढणेंहि तितकेंच सदोष. दोन्ही ठिकाणचीं मापें एकाच वेळीं घेऊन तीं ताडून पाहिलीं पाहिजेत. जुनी जागा १९७३ सालीं स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या आवारांत असल्यानें तेथें मुक्त प्रवेश नाहीं. मे महिन्यांत मात्र भाविक तेथें वार्षिक मिस्सेस जमतात.