बदलापूरची आठ अक्षरं

बदलापूर स्थानकात सकाळच्या लोकलची वाट पाहताना समोरची पाटी रोज दिसते. एके दिवशी तिच्या इंग्रजी ओळीवर नजर थांबली. बी, ए, डी, एल, ए, पी, यू, आर. ही आठही अक्षरं पोटात घेणारा एखादा लांब इंग्रजी शब्द असेल का? क्रम कसाही चालेल, मधे दुसरी अक्षरं आली तरी चालतील. पण पाटीवरचं एकही अक्षर गळता कामा नये, आणि पाटीवर ‘ए’ दोनदा आहे तर शब्दातही तो निदान दोनदा हवा.

अंबरनाथ यायच्या आत शब्द सापडला: ‘अनपार्डनेबल’. यू-एन-पी-ए-आर-डी-ओ-एन-ए-बी-एल-ई. बारा अक्षरी. त्यातून बदलापूरची आठ काढून घेतली की एन, ओ, एन, ई उरतात, आणि त्यांचाही ‘नन’ म्हणजे ‘एकही नाही’ असा शब्द होतो! ‘अक्षम्य’ या अर्थाचा आमच्या गावाशी काही संबंध नाही. नातं आहे ते फक्त अक्षरांचं.

असा शब्द शोधताना बहुतेक जण एकेक अक्षर घेऊन आठवणीत चाचपडत बसतात. तसं केलं तर पाच-सहा अक्षरांपुढे गाडी सरकत नाही. लांब शब्द हवा असेल तर सांधे शोधावे लागतात. ए, बी, एल एकत्र दिसले की शेपटाला ‘एबल’ लावून पाहायचं. ‘यू’ उरला की डोक्यावर ‘अन’ ठेवून पाहायचं. मग हातात पी, ए, आर, डी एवढंच राहतं आणि ‘पार्डन’ आपोआप पुढे येतो.

हे तंत्र मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. उपसर्ग, धातू, प्रत्यय हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. ‘अक्षम्य’ची फोड करा: अ, क्षम्, य. ‘अनपार्डनेबल’ची करा: अन, पार्डन, एबल. बांधणी तीच. ‘पार्डन’ आणखी सोलला तर आत लॅटिन ‘दोनारे’ मिळतो, म्हणजे देणे. आपल्या ‘दान’चा तो सख्खा भाऊबंद. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. माझ्या पिढीच्या वाट्याला ती पाचवीत आली आणि लांब स्पेलिंगं आम्ही पाढ्यांसारखी घोकली. व्याकरणाच्या तासाला समास सोडवणाऱ्या मुलांना पुढच्याच तासाला इंग्रजी शब्द मात्र अखंड दगडासारखा दिला जायचा. त्या घोकंपट्टीत गेलेल्या वेळाची मला आजही हळहळ वाटते.

अंबरनाथची पाटी अधिक उदार आहे, कारण रेल्वेच्या स्पेलिंगमध्ये ‘ई’ आहे. टी, एच, ई, आर, एम एका ठिकाणी दिसले की ‘थर्मो’ हाताशी आलाच. उरले दोन ए, एक बी, एक एन. ते चारही ‘बॅलन्स’मध्ये आहेत. ‘थर्मोबॅलन्स’ हे तेरा अक्षरी नाव एका खऱ्या उपकरणाचं आहे. जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोतारो होंडा यांनी १९१५ साली ते वापरलं. पदार्थ तापवत असतानाच त्याचं वजन करत राहायचं, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वजन घटलं ते कळतं. रासायनिक कारखान्यांच्या गावाला हा शब्द शोभतो. ‘थर्मो’चं मूळ आणि संस्कृत ‘घर्म’चं मूळ एकच, आणि त्या घर्माचाच आपला ‘घाम’ झाला. काही जण ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून अंबरनाथ लिहितात. तसं लिहिलं की तीन ‘ए’ लागतात आणि हा शब्द बाद होतो.

या ‘ए’नेच उल्हासनगरला घाम फोडला. इंग्रजीत सर्वांत जास्त वावर ‘ई’चा. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून जो खेळ बेतला, तोच पुढे ‘स्क्रॅबल’ झाला. त्याच्या शंभर सोंगट्यांत ‘ई’ बारा आहेत, ‘ए’ नऊ. आपली गावं रोमन लिपीत गेली की हे प्रमाण उलटतं, कारण आपला ‘अ’ही ‘ए’ने लिहिला जातो आणि ‘आ’ही. उल्हासनगरच्या दहा अक्षरांत तीन ‘ए’ आहेत, ‘ई’ एकही नाही.

कित्येक दिवस मी ‘ऑटोबायोग्राफिकल’पाशी अडकलो होतो. तीन ‘ए’ जमले, पण एन आणि एस हुकले. शेवटी पुन्हा सांध्यांकडेच वळलो. यू, एल, आर, ए: ‘अल्ट्रा’. एस, एन: ‘सोनो’. जी, ए, एच: ‘ग्राफ’. उरलेला ‘ए’ शेपटातल्या ‘इकली’ने उचलला. ‘अल्ट्रासोनोग्राफिकली’, वीस अक्षरी. घरातल्या शब्दकोशात तो मिळेलच असं नाही, पण वैद्यकीय शोधनिबंधांत भेटतो, आणि ‘सोनोग्राफी’ तर गल्लोगल्लीच्या फलकांवर आहे. त्यातला ‘सोनो’ म्हणजे लॅटिन ‘सोनुस’, आवाज. आपण ‘स्वनातीत विमान’ म्हणतो त्यातल्या ‘स्वन’चा नातलग.

संगणकाला हे काम क्षणाचं आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दात कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं आणि पाटीच्या मोजणीशी ताडायचं, एवढंच त्याला करावं लागतं. पण नुसत्या मोजणीत दान, घाम आणि स्वन भेटत नाहीत. मला ओढ आहे ती त्यांच्या भेटीची.

उल्हासनगरनंतर विठ्ठलवाडी येतं. त्या पाटीवर ‘व्ही’ आहे आणि ‘डब्ल्यू’ही. ग्रीक-लॅटिन सांध्यांत ‘डब्ल्यू’ नसतोच. तो राहतो इंग्रजीच्या जुन्या घरगुती शब्दांत, ‘हाऊएव्हर’, ‘वेव्हलेंग्थ’ यांसारख्या. तिथे अल्ट्रा, थर्मो यांची किल्ली लागत नाही. गेले दोन महिने कल्याण येईपर्यंत मी त्या दहा अक्षरांशी झगडतो आहे.