सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया

शरीराच्या एखाद्या निरोगी भागाचे बाह्य रूप व्यक्तीच्या इच्छेनुसार बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया. नाकाचा आकार बदलणे, वरच्या पापणीवर घडी निर्माण करणे, त्वचेखालील चरबी शोषून काढणे (मेदशोषण), स्तनांचा आकार वाढविणे वा कमी करणे, चेहऱ्याची सैल त्वचा ताणून बसविणे, केसांचे रोपण करणे इ. शस्त्रक्रियांचा तीत समावेश होतो. प्लॅस्टिक शल्यचिकित्सेची ही एक शाखा असून पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया ही तिची दुसरी शाखा होय. भाजणे, अपघात, कर्करोग किंवा दुभंगलेल्या ओठासारखे जन्मजात व्यंग यांमुळे बिघडलेले रूप व कार्य शक्य तितके पूर्ववत करणे, हे पुनर्रचनेचे उद्दिष्ट असते. दोन्ही शाखांची तंत्रे बहुतांशी समान आहेत. भेद आहे तो हेतूचा. मात्र ही सीमारेषा स्थिर नाही. कोणते रूप व्यंग मानावयाचे व कोणते केवळ नापसंत, हे समाज ठरवितो. त्यामुळे विशिष्ट काळी व विशिष्ट देशात एखादी शस्त्रक्रिया लोकप्रिय का होते, याचा उलगडा शल्यतंत्रापेक्षा समाजस्थितीवरून अधिक चांगला होतो.

इतिहास : या शस्त्रक्रियांचा उगम नाकाच्या पुनर्रचनेत आहे. प्राचीन भारतात नाक कापणे ही शिक्षा होती आणि कापलेले नाक ही आयुष्यभराची नामुष्की ठरत असे. मराठीत ‘नाक कापले जाणे’ म्हणजे अब्रू जाणे, हा अर्थ आजही रूढ आहे. सुश्रुतसंहितेत नाकाच्या मापाचे पान घेऊन त्या आकाराचा गालाचा त्वचापट्ट उचलावा, तो नाकाच्या जागी बसवावा आणि श्वास चालू राहावा म्हणून आत दोन नळ्या ठेवाव्यात, असा विधी सांगितला आहे. फाटलेली कानपाळी जोडण्याच्या रीतीही त्याच ग्रंथात आहेत.

पुढे कपाळाची त्वचा वापरण्याची पद्धत भारतात प्रचारात आली. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याकडील कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने मेणाच्या नमुन्यावरून कपाळावर आकृती आखून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ही क्रिया पाहिली होती. तिचा वृत्तांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. तो वाचून प्रभावित झालेल्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे त्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

यूरोपात या शस्त्रक्रियेमागे वेगळे कारण होते. उपदंशाने नाकाचा मधला भाग खचत असे आणि अशा नाकावरून त्या व्यक्तीच्या चारित्र्याविषयी तर्क केला जाई. बोलोन्या येथील गास्पारे ताल्याकोत्सी यांनी दंडाच्या त्वचेपासून नाक बनविण्याची पद्धत १५९७ च्या आपल्या ग्रंथात वर्णिली. भारतातील शिक्षा असो वा यूरोपातील रोग, रुग्णाची अपेक्षा एकच होती : चेहऱ्यावरील कलंक पुसला जावा आणि चारचौघांत मान वर करता यावी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शुद्धिहरण व जंतुनाशन या तंत्रांमुळे निरोगी अवयवावर शस्त्र चालविणे तुलनेने सुरक्षित झाले. न्यूयॉर्क राज्यातील जॉन ऑर्लंडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून छेद घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे बाहेर व्रण राहत नाही. बर्लिनमधील जाक जोसेफ यांनी १८९६ मध्ये पुढे आलेल्या कानांवरून चिडविल्या जाणाऱ्या मुलाचे कान मागे बसविले आणि १८९८ मध्ये मोठ्या नाकामुळे लोकांत मिसळणे टाळणाऱ्या तरुणाचे नाक लहान केले. रूपामुळे होणारे मानसिक दुःख हेच शस्त्रक्रियेचे पुरेसे कारण आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. जोसेफ स्वतः ज्यू होते व त्यांच्याकडे येणाऱ्यांत अनेक ज्यू असत. ज्यूद्वेष वाढत असलेल्या जर्मनीत चेहऱ्यावरून ओळखले न जाणे, ही त्यांची निकड होती.

पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर हॅरल्ड गिलीझ यांनी इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ पासून केलेल्या उपचारांनी तंत्रात मोठी भर पडली. युद्धानंतर ही कौशल्ये नागरी व्यवसायात आली. त्याच सुमारास आल्फ्रेड ॲडलर यांची न्यूनगंडाची कल्पना अमेरिकेत लोकप्रिय झाली आणि शल्यचिकित्सकांना आपल्या कामाचे वैद्यकीय समर्थन तीत सापडले. नाकाचा बाक हा रोग नसला, तरी त्यातून उद्‌भवलेला न्यूनगंड हा विकार मानता येत होता.

निवडीची कारणे : शस्त्रक्रिया करून घेणारी व्यक्ती असामान्य सौंदर्याच्या मागे असते, हा समज बहुधा खरा नसतो. बहुसंख्यांना वेगळे दिसावयाचे नसून वेगळे दिसणे थांबवावयाचे असते. ज्या गुणाला समाजात किंमत पडते, त्या गुणाशी निगडित अवयव बदलण्याकडे कल राहतो.

पूर्व आशियाई लोकांपैकी सुमारे निम्म्यांच्या वरच्या पापणीवर घडी नसते. ती निर्माण करण्याची शस्त्रक्रिया मिकामो या जपानी शल्यचिकित्सकाने १८९६ मध्ये प्रसिद्ध केली. दक्षिण कोरियात अमेरिकन शल्यचिकित्सक राल्फ मिलार्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात ती केली आणि पुढे सोल शहरातील गांगनाम भाग अशा रुग्णालयांसाठी प्रसिद्ध झाला. हे पाश्चात्त्यांचे अनुकरण होय, असे अनेकदा म्हटले जाते. पण घडी असलेले डोळे त्याच समाजात निसर्गतःही आढळतात. नोकरीच्या अर्जाला छायाचित्र जोडण्याची रूढी व तीव्र स्पर्धा ही कारणे तेथे अधिक निकटची आहेत.

इराणमध्ये नाकाची शस्त्रक्रिया विशेष प्रचलित आहे. स्त्रियांना केस व शरीर झाकण्याचे बंधन असल्याने चेहऱ्याला असाधारण महत्त्व येते. तेथे नाकावरील पट्टी लपविली जात नाही. ती सुस्थितीची खूण समजली जाते. ब्राझीलमध्ये ईव्हो पितांगी यांनी सौंदर्य हा गरिबांचाही हक्क आहे, अशी भूमिका घेऊन रीओ दे जानेरो येथील धर्मादाय रुग्णालयात अल्प खर्चाच्या शस्त्रक्रियांचा विभाग चालविला.

भारतात विवाह जुळविताना होणारी रूपाची पारख हे एक ठळक कारण आहे. तरुण पुरुष केशरोपण किंवा वाढलेल्या स्तनग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतात. जड दागिन्यांनी ओघळलेली कानपाळी शिवणे ही येथील नित्याची लहान शस्त्रक्रिया असून सुश्रुतांच्या काळापासून तिची गरज संपलेली नाही. बालपणी कपाळावर वा हनुवटीवर काढलेले गोंदण शहरात गेल्यावर लेसर किरणांनी काढून घेतले जाते. जी खूण गावात शुभ होती, तीच शहरात मागासलेपणाची ठरते.

आधुनिक प्रवाह : टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे सिलिकोनचे स्तनरोपण केले. फ्रान्समधील ईव्ह-जेरार इल्यूझ यांनी १९७७ मध्ये बोथट नळीने मेदशोषणाची पद्धत विकसित केली. सुरकुत्या घालविण्यासाठी बोट्युलिनम विषाच्या अत्यल्प मात्रेला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हापासून सुईने केले जाणारे तात्पुरते उपचार शस्त्रक्रियांना मागे टाकीत आहेत. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १.५८ कोटी शस्त्रक्रिया व १.९१ कोटी इतर उपचार झाले. उपचार घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण चार-पंचमांशांहून अधिक आहे.

मोबाइल दूरध्वनीने स्वतःचे छायाचित्र घेण्याची सवय हे नवे कारण आहे. सुमारे ३० सेंमी. अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रात नाक १.५ मी. अंतराच्या तुलनेत जवळजवळ ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात आढळले. म्हणजे ज्या दोषावर उपाय मागितला जातो, तो काही वेळा चेहऱ्यात नसून भिंगाच्या अंतरात असतो.

धोके व मर्यादा : रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण, मज्जातंतूंची इजा व शुद्धिहरणातील धोके या शस्त्रक्रियांनाही लागू आहेत. नितंबात स्वतःची चरबी टोचण्याच्या शस्त्रक्रियेत चरबी स्नायूतील मोठ्या नीलांत शिरून फुप्फुसापर्यंत पोहोचते व मृत्यू ओढवतो, हे २०१७ मधील एका पाहणीने उघड केले. तीत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३,००० मागे एक असे अंदाजिले होते. म्हणून चरबी स्नायूत न टोचता त्वचेखालीच टोचावी, असा दंडक व्यावसायिक संघटनांनी घातला. फ्रान्समधील एका उत्पादकाने स्तनरोपणासाठी औद्योगिक प्रतीचे सिलिकोन वापरल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. स्तनरोपण कायमचे टिकत नाही. काही वर्षांनी ते बदलावे लागण्याचा संभव असतो.

खर्चाचा प्रश्न हेतूच्या सीमारेषेशी निगडित आहे. आरोग्यविमा सामान्यतः पुनर्रचनेचा खर्च देतो, सौंदर्यवर्धनाचा देत नाही. अमेरिकेतील १९९८ च्या कायद्याने स्तनाच्या कर्करोगानंतरची पुनर्रचना विम्याच्या कक्षेत आणली. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या, निरोगी स्तनावर केलेली शस्त्रक्रियाही तीत धरली आहे.

सर्वांत कठीण प्रश्न निदानाचा आहे. इटालियन मानसचिकित्सक एन्रीको मोर्सेली यांनी १८९१ मध्ये वर्णन केलेल्या विकारात व्यक्तीला इतरांना न जाणवणाऱ्या दोषाचा ध्यास लागतो. सर्वसामान्य लोकांत तो सुमारे २ टक्के आढळतो. सौंदर्यवर्धक उपचारांसाठी येणाऱ्यांत त्याचे प्रमाण कित्येक पट अधिक असते. अशा रुग्णांचे शस्त्रक्रियेने बहुधा समाधान होत नाही. एक अवयव सुधारला, की ध्यास दुसऱ्याकडे वळतो. त्यांना मानसोपचारांची गरज असते. उलट, अपेक्षा मर्यादित व स्पष्ट असलेल्या आणि स्वतःच्या इच्छेने आलेल्या व्यक्तींना बहुधा समाधान लाभते. म्हणून रुग्णाला बदल कोणासाठी हवा आहे व त्यातून त्याची काय अपेक्षा आहे, हे जाणून घेणे आणि प्रसंगी शस्त्रक्रियेस नकार देणे, ही शल्यचिकित्सकाची पहिली जबाबदारी मानली जाते.