दीड किलोची बॅट आणि शंभर वर्षांचा वाद

१९२१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा बेब रूथ होमरनमागून होमरन ठोकत सुटला होता. हंगामाअखेर तो ५९ वर थांबला. एवढे तोवर कोणीच मारले नव्हते, त्यामुळे हा गडी नक्की कोणत्या मातीचा, असा प्रश्न अमेरिकेला पडणे स्वाभाविक होते. ह्यू फुलर्टन या क्रीडा पत्रकाराने त्यावर नामी तोड काढली. एक दिवस सामना आटोपल्यावर त्याने दमलेल्या रूथला थेट कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत नेले. तिथे जोहानसन आणि होम्स या दोन संशोधकांनी त्याची नजर, कान, हात, श्वास सगळे तपासले. निष्कर्ष ऑक्टोबरच्या ‘पॉप्युलर सायन्स मंथली’त छापून आले. सामान्य माणूस ६० टक्के कार्यक्षम, रूथ ९० टक्के! हे टक्के नेमके कशाचे, हे आज वाचताना कळत नाही आणि थोडे हसूही येते. पण त्याच लेखातला एक आकडा मात्र टिकला. ५४ औंसांची, म्हणजे दीड किलोहून किंचित जड बॅट रूथने सेकंदाला ११० फूट वेगाने फिरवली होती. आपल्या भाषेत ताशी १२१ किलोमीटर.

बॅटचा वेग मोजायचा हा पहिलावहिला गाजलेला प्रयत्न. पुढची शंभर वर्षे मोजणे राहिले बाजूला, वाद तेवढा रंगला. प्रत्येक पिढीचा आपापला उमेदवार. कोणी हँक आरनची मनगटे आठवतो, कोणी शिकागोच्या एर्नी बँक्सची. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी काढणारा टेड विल्यम्स हलक्या बॅटचा कट्टर पुरस्कर्ता. अर्ध्या औंसाचा फरक त्याला हातात धरताच कळत असे, अशी आख्यायिका आहे. मिकी मँटल आहे, २००१ मध्ये ७३ होमरन मारणारा बॅरी बाँड्स आहे. आणि गप्पा रंगात आल्या की एक नाव हमखास येते, ते गॅरी शेफील्डचे. पिचर चेंडू टाकायच्या बेतात असताना शेफील्डची बॅट डोक्यामागे अशी काही थरथरत असे की बघणाऱ्यालाच धडकी भरावी. आता ही बॅट वेळेवर कशी येणार, असे वाटेपर्यंत चेंडू प्रेक्षकांत गेलेला असे.

या गप्पांत आकडेही सर्रास फेकले जातात. अमक्याची बॅट ताशी १७५ किलोमीटरने फिरायची, तमक्याची १८० ने. असले आकडे खरे की खोटे हे ताडायला जुनी चित्रफीत लागत नाही, शाळेतले गणित पुरते. इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन नेथन यांनी बॅट आणि चेंडूच्या टकरीचा अभ्यास करून एक सुटसुटीत सूत्र लोकांपुढे ठेवले आहे. लाकडी बॅटवर चेंडू अगदी नेमका बसला, तर तो उडतो तो वेग म्हणजे बॅटच्या वेगाची सुमारे १.२ पट, अधिक येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा साधारण पाचवा हिस्सा. फलंदाजापर्यंत पोहोचताना चेंडूचा वेग ताशी १४० किलोमीटर धरू. बॅट १७७ ने फिरली, तर चेंडू २४० ने सुटायला हवा. प्रत्यक्षात २०१५ पासून अमेरिकेतल्या प्रमुख बेसबॉल लीगच्या सगळ्या मैदानांवर प्रत्येक फटक्याचा वेग नोंदला जातो आणि आजवरचा उच्चांक आहे ताशी १९८ किलोमीटर. पिट्सबर्ग पायरेट्सच्या ओनील क्रूझने २५ मे २०२५ रोजी तो गाठला. तेव्हा २४० विसरा. दंतकथा मोठ्या असतात, पण चेंडूला त्या ठाऊक नसतात.

मग हे फुगीर आकडे येतात कुठून? सगळेच काही थापा नसतात. बॅट फिरते तेव्हा तिचा प्रत्येक बिंदू वेगळ्या वेगाने जातो. मुठीजवळचा भाग सावकाश, टोक सर्वांत जलद. चेंडू जिथे उत्तम बसतो तो भाग टोकापासून साधारण १५ सेंटिमीटर अलीकडे असतो. त्याचा वेग आणि टोकाचा वेग यांत वीसेक टक्क्यांचा फरक सहज पडतो. एकाने टोकाचा वेग सांगायचा, दुसऱ्याने पोटाचा, आणि दोघांनी रात्रभर भांडायचे. हा वाद खेळाडूंबद्दल नसून फूटपट्टीबद्दल आहे, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

मनगटांबद्दलचे कौतुकही जरा तपासून घ्यायला हवे. आरनची मनगटे विलक्षण होती, हे खरे असेलही. पण बॅटला वेग मिळतो तो मुख्यत्वे पाय, कंबर आणि धडातून. आधी कंबर वळते, मग खांदे, मग हात, सर्वांत शेवटी बॅट. गोफण फिरवणाऱ्याचा हात थबकतो आणि दगड सुटतो, तसाच प्रकार इथे आहे. शेवटच्या क्षणी हातांचा वेग कमी होतो आणि त्यांच्यातली ऊर्जा बॅटच्या टोकाकडे जाते. सिडनी विद्यापीठातले रॉड क्रॉस यांनी बॅट फिरवतानाच्या चित्रफितींवरून या बळांचा हिशेब मांडला आहे. बॅट पूर्ण वेगात आली की मनगटे तिला ढकलत नाहीत, तीच मनगटांना ओढून नेते. प्रत्यक्ष टक्कर तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चालते. त्या क्षणी फलंदाजाने बॅट सोडून दिली तरी चेंडूला पत्ता लागणार नाही, असे नेथन सांगतात.

तरीही आरनला, शेफील्डला बघणाऱ्यांनी काही उगाच डोळे विस्फारले नव्हते. त्यांना जे दिसले ते खरे होते, नाव तेवढे चुकीचे दिले गेले. पिचरच्या हातून ताशी १५० किलोमीटरने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. बॅट फिरवायला त्यातले ०.१५ सेकंद जातात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे. ज्याची बॅट सेकंदाच्या शंभराव्या भागाने लवकर पोहोचते, तो चेंडूला आणखी ४० सेंटिमीटर येऊ देऊ शकतो. ही चपळाई. बॅट सुरू झाल्यापासून चेंडूपर्यंत किती लवकर पोहोचते, याचा हा प्रश्न आहे. पोहोचताना तिचा वेग किती, हा निराळा. शेफील्डने ५०९ होमरन मारले, पण एकाही हंगामात तो शंभर वेळा स्ट्राइकआउट झाला नाही. ७५५ होमरनवाल्या आरनचेही तसेच. आंधळेपणाने जोरात बॅट फिरवणाऱ्यांचे आकडे असे नसतात. उशिरापर्यंत थांबून फटका मारू शकणाऱ्यांचे असतात.

आता यंत्रांकडे वळू. हॉक-आय आपल्याला क्रिकेटमुळे घरचीच. पायचीतच्या निर्णयावर रिप्लेत चेंडूची रेघ काढणारी ही प्रणाली २००१ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणातूनच पुढे आली. अमेरिकेतल्या या प्रमुख लीगने २०२० मध्ये तिचे कॅमेरे आपल्या मैदानांवर बसवले. पुढे त्यांतले काही सेकंदाला ३०० चित्रे घेणारे झाले आणि २०२३ च्या हंगामाच्या उत्तरार्धापासून प्रत्येक फलंदाजाने प्रत्येक वेळी फिरवलेली बॅट टिपली जाऊ लागली. मे २०२४ मध्ये ही माहिती लोकांसाठी खुली झाली. टोकापासून १५ सेंटिमीटरवरचा बिंदू सगळ्यांसाठी एकच ठरला. अर्धवट रोखलेल्या, कशाबशा लावलेल्या बॅटांनी सरासरी बिघडू नये म्हणून खेळाडूच्या सर्वांत सावकाश दहा टक्के प्रयत्नांना सहसा वगळायचे, हेही ठरले.

निकाल असा लागला. लीगची सरासरी ताशी ११६ किलोमीटरच्या आसपास. आणि सगळ्यांच्या पुढे, बराच पुढे, यांकीजचा जियानकार्लो स्टँटन: २०२४ मध्ये सरासरी १३१. ओनील क्रूझ त्याच्यामागे, १२६ च्या घरात. सरासरी फलंदाज आणि स्टँटन यांच्यातला १५ किलोमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटेल. पण बॅटचा वेग ताशी एक किलोमीटरने वाढला की उत्तम बसलेला फटका अंदाजे एक मीटर लांब जातो. म्हणजे इतरांचा जो चेंडू कुंपणापाशी झेलला जातो, तो स्टँटनचा पंधरा मीटर पलीकडे पडतो. गंमत म्हणजे वय वाढले की बॅट मंदावते, असे सगळे मानतात; २०२४ च्या हंगामात स्टँटन ३४ वर्षांचा होता.

आणि तळाला कोण? लुइस अराएझ. वेग जेमतेम १००. या अराएझने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे, तीन वेगवेगळ्या संघांकडून, त्या-त्या संघाच्या लीगमधली सर्वोत्तम फलंदाजी सरासरी काढली. २०२४ मध्ये त्याची सरासरी .३१४ होती, स्टँटनची .२३३. होमरन मात्र अराएझचे चार, स्टँटनचे २७. अराएझच्या बॅटचे टोक चेंडूपर्यंत येताना सुमारे १.८ मीटर प्रवास करते, स्टँटनचे अडीच मीटर. आखूड वाट म्हणून वेग घ्यायला जागा कमी, पण नेम पक्का. शिवाय तो पुष्कळ चेंडू उशिरा, उलट्या बाजूला खेळतो. त्या वेळी बॅट पूर्ण वेगात आलेलीच नसते आणि यंत्र मोजते ते टकरीच्या क्षणाचे. म्हणून ही यादी वाचताना थोडे सबुरीने घ्यावे. ती दमाची यादी आहे, फलंदाजीची नव्हे.

बॅटच्या आकाराचे नवे खूळही याच ओघात आले. मार्च २०२५ च्या अखेरीस यांकीजने मिलवॉकीविरुद्ध एका सामन्यात नऊ होमरन मारले आणि पोटाशी फुगीर, टोकाला निमुळत्या ‘टॉर्पेडो’ बॅटचा बोलबाला झाला. ती घडवण्यामागे एमआयटीत शिकलेला भौतिकशास्त्रज्ञ आरन लीनहार्ट होता. वजन मुठीच्या बाजूला सरकले की बॅट फिरवायला सोपी, हे बरोबरच. पण त्या दिवशी तीन होमरन मारणारा आरन जज नेहमीच्याच बॅटने खेळत होता, हे सांगायला बातमीदार जरा विसरतात.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर पुन्हा रूथकडे जाऊ. २००६ मध्ये ‘जीक्यू’ मासिकाच्या पुढाकाराने सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अल्बर्ट पुहोल्सवर रूथसारख्याच चाचण्या झाल्या. पुहोल्सची बॅट ताशी १४० किलोमीटरने फिरली. १४० विरुद्ध १२१, झाला निकाल, असे तेव्हा छापून आले. पण पुहोल्सची बॅट होती साडेएकतीस औंसांची, ९०० ग्रॅमांच्या आत. रूथची त्याच्या पावणेदोन पट जड. सचिनची बॅट तीन पौंडांहून जड होती, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मग रूथच्या बाबतीत वजन विसरून कसे चालेल?

इथे थोडा हिशेब करता येतो. बॅट जड झाली की वेग कमी होतो, पण त्याच प्रमाणात नाही. फिरण्याला होणारा बॅटचा विरोध दुप्पट केला तर वेग निम्म्यावर येत नाही, पंधरा-वीस टक्क्यांनीच घटतो, असे प्रयोगांत दिसते. कारण फलंदाजाची बरीचशी ताकद स्वतःचेच हात आणि धड फिरवण्यात जाते. बॅटचा आकार सारखाच धरून रूथच्या हातात पुहोल्सची बॅट दिली, तर त्याचा वेग १४० च्या आसपास येतो. दोघे जवळपास बरोबरीला. आणि हे सामना खेळून दमलेल्या, आजच्यासारखी व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ, चित्रफिती यांतले काहीच न मिळालेल्या माणसाचे.

अर्थात ८५ वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या उपकरणांनी केलेल्या दोन चाचण्या शेजारी ठेवायला मर्यादा आहेत. १९२१ चा आकडा बॅटच्या नेमक्या कोणत्या बिंदूचा, यावर उत्तर बरेच हलू शकते. प्रयोगशाळेतला एक सर्वोत्तम फटका आणि हंगामभराची सरासरी यांचीही तुलना होत नाही. म्हणून पुहोल्सचे १४० हे स्टँटनच्या १३१ पेक्षा जास्त, असे कोणी म्हणू नये. एक योगायोग मात्र सांगण्याजोगा आहे. आजच्या आकडेवारीत ‘वेगवान’ म्हणून गणली जायला बॅटचा वेग ताशी किमान ७५ मैल लागतो. सेकंदाला ११० फूट म्हणजे तेवढाच. दीड किलोचा सोटा घेऊन रूथ आजच्या वेगवान गटात बसतो.

तेव्हा मोजलेल्यांत स्टँटन पहिला, त्यात वाद नाही. चपळाईत माझे मत शेफील्डला. आणि निव्वळ ताकदीत, बॅटचे वजन धरून, रूथला मागे टाकेल असा कोणी मला दिसत नाही. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर भांडा. फक्त २०२३ पूर्वीच्या कोणाचाही आकडा कोणी ठासून सांगितला, तर बॅट किती वजनाची होती, वेग तिच्या कोणत्या बिंदूचा आणि मोजला कशाने, एवढे आधी विचारून घ्या.