स्पॅनिशभाषक वाचक आणि महाजालावरचे ज्ञानभांडार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या आज चार कोटींच्या वर गेली आहे, आणि या चार कोटींत एका पिंडाची वा एका इतिहासाची माणसे शोधू गेल्यास ती सापडणार नाहीत. न्यू मेक्सिको, कॅलिफोर्निया हे मुलूख १८४८ च्या तहाने मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेले, त्याच्याही आधीपासून तेथे नांदत आलेली घराणी त्यांत आहेत. प्वेर्तो रिको बेटावरून आलेले, आणि म्हणून जन्मतःच अमेरिकेचे नागरिक असलेले लोक आहेत. मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर, व्हेनेझुएला येथून कालपरवा येऊन ठेपलेली कुटुंबेही आहेत. यांच्यापैकी कोणी ना कोणी रोज गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मेजापाशी येऊन उभे राहते. एखाद्या आजीबाईंना नुकत्याच उद्भवलेल्या मधुमेहाविषयी वाचायचे असते. वर्षाच्या मध्यावर शाळेत दाखल झालेल्या मुलाला पेशीविभाजनावर निबंध लिहायचा असतो. एखाद्या तरुणाला नागरिकत्वाच्या अर्जाचा तपशील हवा असतो. तर विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थिनीला शंभर वर्षांपूर्वीच्या माद्रिदमधील वर्तमानपत्राचा अंक पाहायचा असतो. या चौघांच्याही गरजेला महाजालावर स्पॅनिशमध्ये उत्तर आहे, आणि ते चांगले उत्तर आहे. परंतु तेथवर पोहोचण्याची वाट पुष्कळदा इंग्रजीतून जाते, आणि ज्याला ती भाषा येत नाही तो वाचक उंबऱ्याशीच अडतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही वाट आहे.

ही अडचण संगणकाबरोबर जन्माला आली असे मात्र नव्हे. १९२१ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेम भागातील शाखेत पुरा बेलप्रे ही प्वेर्तो रिकोहून आलेली तरुणी नोकरीस लागली, आणि लहानपणी घरी ऐकलेल्या आपल्या बेटावरच्या लोककथा मुलांच्या दालनातील एकाही पुस्तकात नाहीत असे तिच्या ध्यानात आले. तेव्हा तिने त्या कथा स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मुलांना सांगण्यास आरंभ केला, आणि मार्तिना नावाचे झुरळ व पेरेस नावाचा उंदीर यांच्या विवाहाची तिची कथा १९३२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली. वाचकाला हवे ते फडताळात नसेल तर ते शोधून आणावे, आणि कोठेच नसेल तर निर्माण करावे, ही तिची वृत्ती पुढे एका चळवळीची वृत्ती बनली. १९७१ साली ‘रेफोर्मा’ या नावाने स्पॅनिशभाषक वाचकांच्या सेवेसाठी ग्रंथपालांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९९६ पासून बेलप्रे यांच्या नावाने बालसाहित्याचे पारितोषिकही दिले जाऊ लागले. महाजालावरील साधनांची निवड करणारा आजचा ग्रंथपाल याच परंपरेचे काम करीत आहे, असे मी मानतो.

प्रथम आरोग्याचा विषय घेऊ, कारण चुकीच्या माहितीची किंमत येथे देहाला मोजावी लागते. मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय आहे. त्याने सामान्य माणसासाठी ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ १९९८ मध्ये सुरू केले आणि २००२ मध्ये त्याची स्पॅनिश आवृत्ती काढली. मधुमेहाचे इंग्रजी पान समोर उघडलेले असले, तर त्याच्या माथ्याशी ‘एस्पान्योल’ हा शब्द दिसतो, आणि तो दाबताच वाचक परत मुख्य पानावर फेकला न जाता मधुमेहाच्याच स्पॅनिश पानावर येतो. ही सोय वरवर पाहता क्षुल्लक भासेल, परंतु ग्रंथालयात तिचा उपयोग मोठा आहे, कारण स्पॅनिश न जाणणारा ग्रंथपाल डावीकडे इंग्रजी पान ठेवून, उजवीकडचे स्पॅनिश पान आजीबाईंसमोर करून, दोघेही एकाच मजकुराविषयी बोलत आहोत अशी खात्री बाळगू शकतो. त्या पानांवर जाहिराती नाहीत, काही विकावयाचे नाही, आणि त्यातील वैद्यक विश्वकोशाच्या नोंदीखाली ती नोंद शेवटी केव्हा तपासली गेली त्याची तारीख दिलेली असते. अमुक वनस्पतीच्या काढ्याने साखर कायमची उतरते असे स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांत सांगणाऱ्या पानांवर तपासणीची अशी तारीख सहसा आढळत नाही. म्हणून कोणत्याही नव्या स्थळाची शहानिशा करताना ते कोणी लिहिले, केव्हा तपासले आणि त्याचा खर्च कोण सोसतो हे तीन सवाल विचारावेत, आणि ते वाचकालाही शिकवावेत.

शाळकरी मुलाची निकड निराळी. हा मुलगा अडाणी नसतो. पेशी, केंद्रक, गुणसूत्र हे सारे तो आपल्या देशी आपल्या भाषेत शिकून आलेला असतो, आणि ते ज्ञान इंग्रजीच्या अभावी निरुपयोगी ठरू नये एवढीच त्याची अपेक्षा असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिलेल्या निकालान्वये, कागदपत्रे नसलेल्या कुटुंबातील मुलालाही सरकारी शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परंतु वर्गात बसण्याचा हक्क मिळाला म्हणजे फळ्यावरचे समजू लागते असे नाही. अनेक राज्यांची ग्रंथालये येथे त्याच्या मदतीला येतात. ‘ब्रिटानिका एस्कोलार’ हा शालेय विश्वकोश, किंवा स्पॅनिश नियतकालिकांचा ‘इन्फॉर्मे अकादेमिको’ हा संग्रह, अशी मोल देऊन घ्यावी लागणारी साधने ती ग्रंथालये सर्वांच्या वतीने घेतात, आणि ग्रंथालयाच्या सभासदपत्राचा क्रमांक घातला की मुलाला ती घरच्या मोबाईलवरही उघडता येतात. यांखेरीज खान अकादमीचे गणिताचे व शास्त्राचे पाठ स्पॅनिशमध्ये विनामूल्य आहेत.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला कर्तव्य वाटते. अशा अनेक संग्रहांत प्रत्येक इंग्रजी लेखाच्या शिरोभागी भाषांतराची कळ असते. ती दाबली की यंत्र क्षणार्धात लेख स्पॅनिशमध्ये फिरवून देते, आणि घाईत असलेल्या माणसाला काम झाले असे वाटते. प्रसंगी त्याचा उपयोग होतो हे खरे; परंतु यंत्राने फिरवलेला लेख आणि मूळ स्पॅनिशमध्ये लिहिला गेलेला लेख यांची योग्यता सारखी धरता येत नाही. पहिल्यात उदाहरणे, मापे, शाळांच्या इयत्ता, कायदे हे सारे अमेरिकेचे असते आणि त्यावर शब्दांचा पेहराव तेवढा स्पॅनिश असतो. दुसऱ्यात एक सबंध समाज आपल्या प्रश्नांचा विचार आपल्या परिभाषेत करीत असतो. विद्यार्थ्याला पहिल्या प्रकारचे साहित्य देऊन दुसऱ्या प्रकारचे आहे हे सांगावयाचेच राहून गेले, तर आपली भाषा ही केवळ उसनवारीची भाषा आहे असा त्याचा समज होतो, आणि तो समज त्याचे कायमचे नुकसान करतो.

वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. विद्वत्तापूर्ण नियतकालिके सर्वांना विनामूल्य खुली करण्याच्या बाबतीत लॅटिन अमेरिकेने जगाच्या पुष्कळच पुढे पाऊल टाकले. १९९७ मध्ये ब्राझीलमध्ये ‘सायेलो’ हा नियतकालिकांचा खुला संग्रह सुरू झाला, लवकरच चिली त्यास येऊन मिळाला, आणि पुढे मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, स्पेन इत्यादी देशांनी आपापली दालने त्यात उघडली. मेक्सिकोतील तोलुका येथील राज्य विद्यापीठाने ‘रेदालिक’ हा तसाच दुसरा संग्रह उभारला. स्पेनमधील ला रिओहा विद्यापीठाने २००१ मध्ये आरंभलेली ‘दियालनेत’ ही सूची स्पॅनिशमध्ये लेख, प्रबंध, ग्रंथ काय निघाले याचा ठाव देणारे मोठे साधन झाले आहे. यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. त्या देशांत संशोधनपत्रिका बहुधा सार्वजनिक विद्यापीठेच स्वतःच्या खर्चाने चालवितात. सरकारी तिजोरीतून ज्याचा खर्च झाला ते प्रजेला पुन्हा विकत घ्यावयास लावू नये, ही भूमिका तेथे मुरलेली आहे. आणि त्यामुळे वाचकाकडून वर्गणी नाही, व बहुतांशी लेखकाकडूनही शुल्क नाही, अशी व्यवस्था तेथे रूढ झाली. इंग्रजीतील पुष्कळसे संशोधन आजही पैशाच्या कुलपाआड आहे. आणि लॉस एंजलिसच्या एखाद्या उपनगरातल्या ग्रंथालयात बसलेल्या स्पॅनिशभाषक विद्यार्थ्याला मात्र मेक्सिकोतील समाजशास्त्राचा अथवा चिलीतील भूकंपशास्त्राचा संपूर्ण लेख एक छदामही न देता वाचता येतो. त्याला हे कोणी सांगितलेले नसते, एवढेच काय ते उणे.

साहित्य आणि इतिहास यांच्या बाबतीत तर हे वैभव डोळे दिपवणारे आहे. आलिकांते विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेले मिगेल दे सेर्व्हांतेस आभासी ग्रंथालय, स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ मध्ये खुला केलेला आपल्या हस्तलिखितांचा व दुर्मिळ ग्रंथांचा संग्रह, त्याच ग्रंथालयाचे जुन्या वर्तमानपत्रांचे दालन, चिलीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘मेमोरिया चिलेना’, अशी किती नावे घ्यावीत! माझा स्वतःचा ओढा वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयातील एका संग्रहाकडे विशेष आहे. १९४३ पासून त्या ग्रंथालयाने स्पॅनिश, पोर्तुगीज आणि त्या मुलखांतल्या इतर भाषांच्या कवि-लेखकांना स्वतःचे लेखन वाचावयास बोलावले आणि त्यांचे आवाज फितीवर टिपून ठेवले. नेरुदा, बोर्खेस, गाब्रिएला मिस्त्राल, गार्सिया मार्केस हे सारे त्यांत आहेत, आणि २०१५ पासून त्यांतील ध्वनिमुद्रणे क्रमशः महाजालावर ऐकावयास मिळू लागली. ज्या मुलाला स्पॅनिश वाचण्याचा सराव उरला नाही, पण घरच्या बोलण्यामुळे कान मात्र शाबूत आहे, त्याच्यासाठी यापरते चांगले प्रवेशद्वार मला ठाऊक नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांतील मुले शाळेत दुसरी भाषा म्हणून स्पॅनिशच घेतात, आणि पुण्यामुंबईतही ती शिकणारे विद्यार्थी आहेत. वर सांगितलेली विनामूल्य साधने त्यांनाही तितकीच मोकळी आहेत.

मग अडते कोठे? अडते ते सूचीत. अमेरिकन ग्रंथालयात स्पॅनिश पुस्तक आले तरी त्यावर चढविले जाणारे विषयशीर्षक बहुधा काँग्रेस ग्रंथालयाच्या इंग्रजी यादीतले असते. सबब स्पॅनिश शब्द टाकून विषयाचा शोध घेणाऱ्याला स्पॅनिश पुस्तक सापडत नाही, हा अन्याय वर्षानुवर्षे चालत आला. त्यावर उपाय म्हणून १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातून ‘बिलिंडेक्स’ हा स्पॅनिश-इंग्रजी विषयशीर्षकांचा कोश निघाला. वैद्यकात हे काम अधिक व्यवस्थित झाले आहे: साओ पाउलो येथील लॅटिन अमेरिकेच्या आरोग्यग्रंथालय केंद्राने इंग्रजी, स्पॅनिश व पोर्तुगीज अशा भाषांतील पारिभाषिक संज्ञांची एकमेकींशी सांगड घालून दिली, आणि त्यामुळे एका भाषेत विचारलेला प्रश्न दुसऱ्या भाषेतील लेखापर्यंत पोहोचतो. जेथे अशी सोय नाही तेथे ग्रंथपालाने वाचकालाच त्याच्या गावचा शब्द विचारावा आणि शोधाच्या चौकटीत तो टाकून पाहावा, कारण मेक्सिकोतला शब्द अर्जेंटिनात चालेलच असे नाही.

दुसरी चिंता टिकाऊपणाची आहे. टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिन येथे १९९२ पासून ‘लॅनिक’ नावाची लॅटिन अमेरिकाविषयक दुव्यांची एक अप्रतिम सूची राखली होती. देशवार, विषयवार लावलेले ते दप्तर दोन दशकांहून अधिक काळ अभ्यासकांचा आधार होते, आणि २०१५ मध्ये त्याची देखभाल थांबली. सरकारी पानांचाही भरवसा धरता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या संकेतस्थळाची स्पॅनिश आवृत्ती काढून टाकण्यात आली, आणि त्याच वर्षी १ मार्च रोजी निघालेल्या हुकुमाने इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरवून, इंग्रजी कच्चे असलेल्यांना सेवा पोहोचविण्याविषयीचा २००० सालचा हुकूम रद्द केला. नव्या हुकुमाने स्पॅनिश पाने बंद करण्याची सक्ती कोणत्याही खात्यावर केली नाही, हे खरे. पण जेथे पूर्वी बंधन होते तेथे आता खातेप्रमुखाची मर्जी उरली. म्हणून ग्रंथालयाने आपल्या संकेतस्थळावरील स्पॅनिश दुव्यांची यादी ठरल्या मुदतीने उघडून तपासावी, नाहीशा झालेल्या पानाची जुनी प्रत महाजालाच्या पुराभिलेखात आहे का ते पाहावे, आणि ती यादी ‘परकीय भाषा’ अशा इंग्रजी शीर्षकाखाली तिसऱ्या पानावर न दडपता पहिल्याच पानावर स्पॅनिश नावाने मांडावी.

भीतीचाही विचार केला पाहिजे. नाव-पत्ता विचारणारी चौकट समोर आली की कित्येक वाचक मुकाट्याने उठून जातात. बहुतेक राज्यांत ग्रंथालयाच्या नोंदी गुप्त राखण्याचे कायदे आहेत. ते वाचकाला त्याच्या भाषेत समजावून सांगावेत, आणि ओळख न मागणारी साधने प्रथम दाखवावीत.

शेवटी ज्यांचा विसर सर्वांत लवकर पडतो त्यांच्याविषयी. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या एखाद्या मातेची भाषा माम असते किंवा किचे असते, मेक्सिकोतील ओआहाकाहून आलेल्या शेतमजुराची मिश्तेक असते. स्पॅनिश ही त्यांची दुसरी भाषा, बाजारापुरती आणि कचेरीपुरती शिकलेली, आणि ती वाचण्याची सवय त्यांना असेलच असे नाही. अशा माणसासमोर उत्तमांतले उत्तम स्पॅनिश पान उघडून ठेवले तरी तो संकोचाने मान डोलावतो आणि काही न समजता निघून जातो. जाणता ग्रंथपाल म्हणून आधी दोन गोष्टी विचारून घेतो: घरी कोणती भाषा बोलता, आणि वाचावयास आवडेल की ऐकावयास, आणि मग मजकुराचे पान बाजूस सारून चित्रफीत लावतो, ध्वनिफीत शोधतो, किंवा ती भाषा जाणणाऱ्या दुभाष्यास दूरध्वनी करतो.