रंग उतरल्यानंतरचं संशोधन

धुतली तरी चादरीचा रंग जाऊ नये, ही गिऱ्हाइकाची साधी अपेक्षा. ती पुरी करणारे रंग सांडपाण्यातही तितकेच चिवट राहतात. सुती धाग्याला रिॲक्टिव्ह रंगाचा जेवढा भाग धरत नाही, तेवढा धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. चादरींच्या सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांना पीएच.डी.चा विषय असा गावातच सापडू शकतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर भरपूर काम केलं. 2004 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत सोलापूर जिल्हाही त्याच विद्यापीठाकडे होता. स्यूडोमोनास एसयूके-1 हा जिवाणू रिॲक्टिव्ह रेड 2 हा रंग मोडतो, हे त्यांच्या गटाने 2009 च्या शोधनिबंधात दाखवलं.

हे काम चालतं कसं? रंगाचं पाणी जिथे मुरतं तिथली माती घेतात, कारण तिथे तगलेल्या जिवाणूंना रंग सोसायची सवय झालेली असते. ती माती रंग घातलेल्या द्रवमाध्यमात ठेवायची, मग विरळ करत करत अगारच्या प्लेटवर पसरायची आणि सुट्या वसाहती उचलायच्या. जिवाणू कोणता, हे 16 एस आरआरएनए जनुकावरून ओळखतात. रंग किती उतरला, ते स्पेक्ट्रोफोटोमीटर सांगतो.

पण पाणी नितळ दिसलं म्हणजे ते निर्धोक झालं असं नाही. रिॲक्टिव्ह रेड 2 सारख्या ॲझो रंगात दोन नायट्रोजन अणूंचा बंध असतो. प्राणवायू कमी असताना ॲझोरिडक्टेज हे विकर तो तोडतं आणि ॲरोमॅटिक अमाइन्स उरतात. त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. ती मोडायला पुढच्या टप्प्यात बहुधा प्राणवायू लागतो. म्हणून चांगल्या निबंधात उरलेले पदार्थ जीसी-एमएसवर तपासलेले असतात. त्या पाण्यावर ज्वारीचं बी रुजतं का, हेही पाहिलेलं असतं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण शेवटी ते पाणी कुणाच्या तरी रानाकडेच जातं.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे दोन-तीन निबंध असे शेवटपर्यंत वाचा. कुठला प्रश्न अर्धा राहिलाय ते शोधा आणि पत्रात तोच लिहा. ‘आपल्या कार्याने प्रभावित झालो’ एवढ्यावर कुणी काय उत्तर देणार?

प्रवेशाचे नियम थोडक्यात: पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण, राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत. जून 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ मिळाली तर प्रवेश मुलाखतीवर होतो. इतर दोन गटांत नेटला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि हे गुण वर्षभरच चालतात. प्राध्यापकांना एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकांना 6 आणि सहायक प्राध्यापकांना 4 विद्यार्थी घेता येतात. तेव्हा जागा रिकामी आहे का, हे संकोच न करता विचारा. जीसी-एमएस विभागातच आहे की नमुने बाहेर पाठवावे लागतात, तेही त्याच पत्रात विचारून घ्या.