लेबलची हुंडी आणि प्रयोगशाळेची साक्ष

हुंडीचे मोल तिच्या कागदात नसते. ती मुदतीला वटते यात असते. खाद्यपेयाच्या वेष्टनावर छापलेला जीवनसत्त्वाचा आकडा हीसुद्धा ग्राहकाला लिहून दिलेली हुंडीच होय. ती वटते की नाही, हे प्रयोगशाळा सांगते.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे २००४ साली चौदा वर्षांच्या दोन विद्यार्थिनींनी शाळेच्या विज्ञान-प्रकल्पासाठी बाजारातील फळपेयांतील ‘क’ जीवनसत्त्व मोजले. स्वस्त पेयांत ते कमी आणि नामांकित ‘रिबेना’त अधिक असेल, असा त्यांचा अंदाज होता. रिबेना ज्यापासून बनते त्या ब्लॅककरंट फळात संत्र्याच्या चौपट ‘क’ जीवनसत्त्व असते, अशी जाहिरातच होती. प्रत्यक्षात रिबेनाच्या तयार पेयात ते जवळजवळ आढळलेच नाही.

कंपनीकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही. अखेर प्रकरण तेथील व्यापार आयोगाकडे गेले. वेष्टनावर दर १०० मिलिलिटरमागे ७ मिलिग्रॅम असा दावा होता; आयोगाच्या तपासणीत मोजता येण्याजोगे जीवनसत्त्वही सापडले नाही. मार्च २००७ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाईन या बलाढ्य कंपनीने न्यायालयात १५ आरोप मान्य केले आणि तिला २,१७,५०० न्यूझीलंड डॉलर दंड झाला.

फळाचा गुण परस्पर पेयाच्या खात्यावर जमा धरला गेला, हे या प्रकरणाचे मर्म होय. ‘क’ जीवनसत्त्व नाजूक असते. उष्णता, हवा व प्रकाश यांनी ते नष्ट होते आणि साठवणुकीत घटत जाते. म्हणून उत्पादनाच्या दिवशीची शिल्लक मुदतअखेर तेवढीच राहत नाही.

ही शिल्लक तपासण्याची एक रीत शाळेतही करता येते. मोजून घेतलेल्या रसात थोडे स्टार्चचे पाणी मिसळून आयोडीनचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. ‘क’ जीवनसत्त्व असेपर्यंत ते आयोडीनला निष्प्रभ करते. ते संपताच निळा रंग उमटतो. जितके आयोडीन अधिक लागेल, तितके जीवनसत्त्व अधिक. व्यावसायिक प्रयोगशाळांत एचपीएलसी यंत्र रसातील घटक वेगळे करून अधिक अचूक मोजमाप देते.

अँटिऑक्सिडंटच्या आकड्यांबाबत तर आणखी सावधगिरी हवी. एका प्रचलित चाचणीत डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणाचा रंग किती फिका पडतो, हे पाहतात. परंतु परीक्षानळीतील हा प्रभाव शरीरात तसाच घडतो असे नव्हे. अमेरिकेच्या कृषी विभागाने अशा मोजमापांची ‘ओरॅक’ नावाची सूची २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या आकड्यांचा जाहिरातींसाठी गैरवापर होत होता, हे त्याचे एक कारण होते.

सरबते, आवळ्याचे पदार्थ वा फळपेये यांचा व्यापार करणाऱ्याने पुरवठादाराकडून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल अवश्य मागावा. नमुना फळाचा होता की तयार मालाचा, बॅच क्रमांक कोणता, तपासणी कोणत्या तारखेची आणि मुदतअखेरीस किती जीवनसत्त्व उरते, हे त्यात पाहावे. पेढीची पत पिढ्यान्‌पिढ्या जपून उभी राहते. ऑकलंडच्या त्या दोन मुलींनी दाखवून दिले, की ती तपासायला एक लहानसा प्रयोगही पुरतो.